नंबर नसलेला बोर्डिंग पास

२५ डिसेंबर २०२५ रोजी सकाळी आठच्या सुमारास उलव्याच्या नव्या धावपट्टीवर इंडिगोचे विमान टेकले. नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळावर उतरलेले हे पहिले नियमित प्रवासी विमान बेंगळुरूहून आले होते. पाण्याचे फवारे उडवून त्याचे स्वागत झाले आणि तासाभराच्या आत इथून हैदराबादला जाणारे पहिले विमान सुटले. दोन्ही विमानांतल्या प्रत्येक प्रवाशाकडे, कागदावर किंवा मोबाइलच्या पडद्यावर, एक आकडा आणि एक अक्षर होते. आकडा रांगेचा, अक्षर खिडकीचे, मधल्या सीटचे किंवा वाटेकडच्या सीटचे. आज हे इतके सवयीचे झाले आहे की त्याला इतिहास असेल असे कुणाला वाटत नाही. तो आहे, आणि त्यातला भारतातला सर्वांत जिवंत भाग त्याच बेंगळुरूत घडला. २००३ साली तिथल्या एअर डेक्कन या नव्या कंपनीने प्रवाशांच्या हातात असा बोर्डिंग पास दिला की ज्यावर सीट नंबरच नव्हता. जो आधी चढेल तो हवी ती जागा धरेल, असा सरळ मामला होता.

त्या प्रयोगाकडे जाण्याआधी एसटीकडे जावे लागेल, कारण पहिल्यांदा विमानात बसणारा मराठी माणूस जागेबद्दलचे आपले सगळे ज्ञान एसटीतून घेऊन आला होता.

१ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी पहिली एसटी धावली. पुढच्या काही दशकांत तिने वाड्यावस्त्या जोडल्या आणि त्याबरोबर जागा धरण्याचा एक अलिखित कायदाही राज्यभर पोहोचवला. गाडी स्टँडात शिरते न शिरते तोच खिडकीतून रुमाल आत पडायचा. रुमाल नसेल तर टोपी, पिशवी, वर्तमानपत्र, आणि फारच गर्दी असेल तर खिडकीतून उचलून आत सोडलेले धाकटे पोर. पनवेलच्या स्टँडवर गणपतीच्या आणि शिमग्याच्या आधी कोकणात जाणाऱ्या गाड्यांना हे दृश्य कित्येक वर्षे दिसत आले. या कायद्यात रुमालाला खरोखर मान होता. रुमाल कुणाचा हे माहीत नसले तरी तो उचलून तिथे बसणाऱ्याला चार जण बोलत. एसटीत खिडक्यांच्या वर सीटचे नंबर रंगवलेले असत, काही जागा आमदार-खासदारांसाठी, स्वातंत्र्यसैनिकांसाठी, महिलांसाठी, अपंगांसाठी राखीव असल्याचे लिहिलेले असे, आणि लांबच्या गाड्यांना आरक्षणही होते. पण मधल्या थांब्यावर चढणाऱ्यासाठी कायदा एकच होता, तो रुमालाचा.

हा कायदा कुणाच्या फायद्याचा होता? ज्याचा हात खिडकीपर्यंत पोहोचतो त्याच्या. ज्याच्याबरोबर पुढे धावायला तरणा मुलगा आहे त्याच्या. कडेवर मूल आणि हातात बोचके असलेली बाई, गुडघे धरलेला म्हातारा, पहिल्यांदाच गावाबाहेर पडलेला माणूस, हे सगळे शेवटी चढत. त्यांची सोय मग दुसऱ्या एका अलिखित कायद्याने होई. “सरका जरा” म्हटले की तिघांच्या बाकावर चौथा सामावत असे. मुंबईच्या लोकलमध्ये त्या चौथ्या सीटला पुढे जवळजवळ अधिकृत दर्जा मिळाला. म्हणजे जागा मिळवण्याची धडपड निष्ठुर असली तरी जागा मिळाल्यानंतर ती थोडी वाटून घेण्याची रीत होती. विमानात यातला पहिला अर्धा भाग आणता येतो, दुसरा येत नाही. तिथे प्रत्येकाला स्वतंत्र सीट आणि स्वतंत्र पट्टा असतो, चौथ्यासाठी सरकायला जागाच नसते. डेक्कनच्या कथेतली पुढची सगळी गुंतागुंत इथून सुरू होते असे मला वाटते.

भारतात विमानाची सुरुवात झाली तेव्हा बसण्याचा प्रश्नच नव्हता. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, तेव्हा त्यांच्या छोट्या पस मॉथ विमानात टपाल होते. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. पहिली एसटी धावली त्यानंतर बरोबर आठवड्याने. एकाच आठवड्यात सुरू झालेल्या या दोन वाहनांचे प्रवासी पुढची पन्नास-पंचावन्न वर्षे एकमेकांना क्वचितच भेटले. विमानात जाणारा माणूस बहुधा साहेब, उद्योजक, मंत्री किंवा परदेशी शिकायला निघालेला मुलगा असे. संगणक येण्याआधी काउंटरवर विमानाच्या आसनांचा नकाशा असायचा, त्यावर प्रत्येक सीटचे छोटे स्टिकर चिकटवलेले. प्रवासी आला की एक स्टिकर काढून त्याच्या बोर्डिंग कार्डावर लावायचे. नकाशावर स्टिकर उरले नाहीत की विमान भरले. खिडकी हवी असेल तर काउंटरवरच्या माणसाला नम्रपणे विचारायचे. तो देई किंवा नाही म्हणे, पण त्या जागेचे वेगळे पैसे कुणी मागत नसे.

नंबर देण्यामागे शिस्तीइतकेच तांत्रिक कारणही होते. विमानाचा तोल माणसे आणि सामान कुठे आहे यावर ठरतो. विमान लहान आणि अर्धे रिकामे असेल, आणि सगळे जण मागच्या बाजूला जाऊन बसले, तर वैमानिकाला ते चालत नाही. नंबर दिला की हा हिशेब काउंटरवरच मांडता येतो. नंबर नसेल तर तो दार बंद झाल्यावर, लोकांना उठवून, पुढे-मागे बसवून जुळवावा लागतो.

तरीही अमेरिकेत काहींनी नंबर सोडून दिला. महाराष्ट्र राज्याला एक वर्ष पूर्ण होण्याच्या आदल्या दिवशी, ३० एप्रिल १९६१ रोजी, ईस्टर्न एअरलाइन्सने न्यूयॉर्कहून बॉस्टन आणि वॉशिंग्टनसाठी ‘शटल’ सेवा सुरू केली. आरक्षण नाही, सीट नंबर नाही, तिकिटाचे पैसेसुद्धा उडत्या विमानात गोळा करायचे. बदल्यात कंपनीने एक विलक्षण हमी दिली होती. वेळेवर आलेल्या कुणालाही जागा नाही म्हणून परत पाठवणार नाही. विमान भरले तर दुसरे काढणार, मग त्यात एकच प्रवासी का असेना. नंबर नसण्याची भीती का वाटते, हे ईस्टर्नने अचूक ओळखले होते. माणूस खिडकीसाठी भांडतो त्याच्या कितीतरी आधी, आपण मागे राहून जाऊ या धास्तीने धावतो. ती धास्तीच काढून टाकली तर नंबराशिवायही शांतपणे चढता येते.

१८ जून १९७१ रोजी टेक्सासात साउथवेस्ट एअरलाइन्सची उड्डाणे सुरू झाली. डॅलस, ह्यूस्टन आणि सॅन अँटोनियो या तीन शहरांपुरती ती कंपनी होती. दुसऱ्याच वर्षी पैशाच्या चणचणीत तिला चारपैकी एक विमान विकावे लागले. वेळापत्रक मात्र चार विमानांचे होते. ते तीन विमानांत बसवायचे तर विमान उतरल्यापासून दहा मिनिटांत पुन्हा निघाले पाहिजे, असा निश्चय तिथल्या कामगारांनी केला आणि तो पाळून दाखवला. दहा मिनिटांत जुने प्रवासी उतरवायचे, नवे चढवायचे, म्हटल्यावर कुणी “माझा बारा-सी कुठे” म्हणून वाटेत थबकणे परवडणारे नव्हते. जो येईल त्याने दिसेल त्या जागेवर बसावे. साउथवेस्टचे मोकळे बसणे अशा निकडीतून पक्के झाले. विमान जमिनीवर उभे असते तेव्हा ते कमावत नाही, हे स्वस्त विमानसेवेचे पहिले सूत्र जगाने टेक्सासातून उचलले. युरोपात रायनएअर आणि इझीजेटने ते घेतले, आणि नव्या शतकात ते बेंगळुरूला पोहोचले.

कॅप्टन जी. आर. गोपीनाथ हे कर्नाटकातल्या हासन जिल्ह्यातल्या गोरूरचे. लष्करात अधिकारी होते, १९७१ च्या युद्धात होते, नंतर नोकरी सोडून शेतीत उतरले आणि रेशीम पिकवले. १९९७ मध्ये त्यांनी हेलिकॉप्टर कंपनी काढली आणि ऑगस्ट २००३ मध्ये एअर डेक्कन. सुरुवात एटीआर जातीच्या, पंख्याच्या छोट्या विमानांनी झाली. हुबळीसारख्या शहरांना, जिथे माणसे रात्रभर बसने किंवा रेल्वेने प्रवास करत, तिथे विमान न्यायचे हा त्यांचा विचार होता. जेवण फुकट नाही, पाण्याची बाटलीही विकत. एक रुपयात तिकीट (कर वेगळा) अशा जाहिरातीने तर देशभर खळबळ उडाली. हिंदुस्थान पेट्रोलियमच्या पंपांवरही तिकिटे मिळू लागली. प्रत्येक भारतीयाने आयुष्यात एकदा तरी विमानात बसावे, हे गोपीनाथ जिथे जात तिथे सांगत, आणि माझ्या मते त्यांनी ते मनापासून सांगितले.

कंपनीने आपला चेहरा म्हणून जो माणूस निवडला तो मुंबईचा होता. आर. के. लक्ष्मण यांचा ‘कॉमन मॅन’, चौकड्यांचा कोट, धोतर, चष्मा आणि डोक्यावर दोन्ही बाजूंना उरलेले केसांचे झुबके. १९५१ पासून टाइम्स ऑफ इंडियातून रोज सकाळी तो मुंबईकरांच्या घरी येत होता, एक शब्द न बोलता सगळे पाहत होता. तो आता विमानावर रंगवला गेला. ज्या माणसाने पन्नास वर्षे रांगा, खड्डे, रेशन आणि पुढाऱ्यांची भाषणे सोसली, त्याला कुणीतरी विमानात चल म्हणत होते. ही कल्पना आजही मला हेलावून टाकते. गोपीनाथांच्या या धडपडीवर पुढे तमिळमध्ये ‘सूरराई पोट्रू’ आणि त्यावरून २०२४ मध्ये हिंदीत ‘सरफिरा’ हे चित्रपट निघाले. हिंदीत नायकाला मराठी केले आणि त्याचे आडनाव ठेवले म्हात्रे. पनवेल-उरणच्या पट्ट्यात गावागणिक म्हात्र्यांची घरे आहेत, आणि विमानतळासाठी जमिनी सोडणाऱ्यांमध्येही ते आडनाव आहे. पटकथा लिहिणाऱ्यांच्या मनात हे असेल की नाही कोण जाणे, पण उलव्यात तो चित्रपट पाहणाऱ्याच्या मनात ते आल्याशिवाय राहणार नाही.

तर या ‘कॉमन मॅन’च्या विमानात फ्री सीटिंग होते. सांताक्रूझच्या देशांतर्गत टर्मिनलवर डेक्कनच्या विमानाची घोषणा झाली की काय होत असे, हे त्या काळात प्रवास केलेले लोक अजून रंगवून सांगतात. घोषणेच्या कितीतरी आधी दाराशी रांग लागलेली असे. विमान लांब उभे असल्याने तिथपर्यंत बस न्यायची. त्या बसमध्ये शहाणा प्रवासी आत जाऊन बसत नसे, तो दाराशीच उभा राही, कारण दाराशी असलेला आधी उतरतो. बसची दारे उघडली की शिडीकडे झपाझप पावले पडत. आणि मग आत शिरल्यावर रुमाल. खरोखरचा रुमाल, शिवाय पर्स, स्वेटर, पाण्याची बाटली. एकाने पुढे येऊन तीन जागा धरायच्या आणि मागून कुटुंब यायचे.

त्या वेळी इंग्रजी वर्तमानपत्रांतून आणि विमानाला सरावलेल्या मंडळींच्या गप्पांतून यावर नाके मुरडली गेली. विमानाचा एसटी स्टँड केला, असा सूर असे. मला तो सूर तेव्हाही पटला नव्हता. ज्या माणसाला आयुष्यभर एकाच पद्धतीने जागा मिळाली, त्याने तीच पद्धत इथे वापरली यात त्याचे काय चुकले? पहिल्यांदा विमानतळावर आलेल्या माणसाला तिथली प्रत्येक गोष्ट परकी होती. पिशवी यंत्रातून जाणे, पट्टा काढून तपासणी, इंग्रजीतल्या घोषणा, सीटचा पट्टा कसा लावायचा. त्या सगळ्यात जागा धरणे ही एकच गोष्ट त्याला येत होती. त्या एका बाबतीत तो कुणापेक्षाही कमी नव्हता. तिकीट दोन महिने आधी स्वस्तात घेतलेला शिक्षक आणि आदल्या दिवशी दहापट पैसे देऊन घेतलेला कंपनीचा अधिकारी, दोघांना खिडकीवर सारखाच हक्क होता. पुढची रांग पैशाने मिळत नव्हती. भारतीय विमानप्रवासात असा काळ आधी नव्हता आणि नंतरही राहिला नाही.

पण त्याची किंमत कोण देत होते, तेही लिहिले पाहिजे. लेकाने हौसेने पाठवलेल्या तिकिटावर पहिल्यांदा उडणारे आई-बाप बसमधून शेवटी उतरत. शिडीवर त्यांना दम लागे. आत गेल्यावर एक रिकामी जागा चौथ्या ओळीत, दुसरी एकोणिसाव्या ओळीत. पन्नास वर्षांच्या संसारात जे जोडपे कधी एकटे कुठे गेले नाही, ते आयुष्यातल्या पहिल्या उड्डाणात एकमेकांपासून पंधरा ओळी दूर, दोन अनोळखी माणसांच्या मध्ये. हवाईसुंदरीने विनंती केली तर कुणी उठे, कुणी उठत नसे. एसटीत त्यांना “सरका जरा” म्हणता आले असते. इथे सरकून उपयोग नव्हता, अख्खी जागाच सोडावी लागे, आणि धावून मिळवलेली खिडकी सोडायला मन मोठे लागते. रुमालाचा कायदा विमानात आला तेव्हा त्याच्याबरोबर एसटीतली दया पूर्णपणे येऊ शकली नाही.

डेक्कनला तोटा होत होता, तो मात्र वेगळ्या कारणांनी. झपाट्याने वाढवलेली विमाने, इंधनाचे दर, आणि पाठोपाठ आलेले स्पर्धक. ४ ऑगस्ट २००६ रोजी इंडिगो सुरू झाली. तिकीट स्वस्त, विमान वेळेवर, आणि सीटला नंबर. नंबर देऊनही विमान झटकन वळवता येते हे तिने दाखवले. विमानात प्रवाशांना पुढून आणि मागून दोन्हीकडून चढवले, आणि लोकांना नंबर ओळखता येऊ लागला, की मोकळ्या बसण्यातून वाचणारी मिनिटे फारशी उरत नाहीत. २००७ मध्ये विजय मल्ल्या यांच्या यूबी समूहाने डेक्कनमध्ये २६ टक्के हिस्सा घेतला. विमानांवर ‘सिम्प्लिफ्लाय डेक्कन’ हे नाव आले आणि ऑगस्ट २००८ पर्यंत तेही पुसून ‘किंगफिशर रेड’ झाले. तोपर्यंत फ्री सीटिंग संपले होते आणि लक्ष्मणांचा कॉमन मॅनही विमानावरून उतरला होता. २०१२ मध्ये किंगफिशरच बंद पडली. गोपीनाथांचे नाव जोडलेली दुसरी एअर डेक्कन डिसेंबर २०१७ मध्ये उडान योजनेखाली जळगाव-नाशिककडे १९ आसनांच्या विमानांनी आली आणि २०२० मध्ये तीही थांबली.

त्याच २००७ मध्ये केंद्राने नवी मुंबईच्या विमानतळाला तत्त्वतः मंजुरी दिली, आणि उलव्याच्या माणसांच्या घरांना नंबर लागायला सुरुवात झाली. १९७० मध्ये नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको स्थापन झाल्यापासून या पट्ट्याने जमीन जाणे पाहिले होते. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासई, दास्तान फाटा, नवघरच्या परिसरात झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचा बळी गेला, तेव्हा कुठे विकसित जमिनीतला साडेबारा टक्के वाटा पदरात पडला. विमानतळासाठी मग दहा गावे उठली. चिंचपाडा, कोपर, कोल्ही, उलवे, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी, वरचे ओवळे, वाघिवली आणि वाघिवलीवाडा. उलव्याची टेकडी सुरुंग लावून उतरवली, उलवे नदीचा प्रवाह वळवला, खाडीकाठचा खळगा भरून काढला. जी घरे ओट्याने, पिंपळाने, देवळाने ओळखली जात, ती वडघर, करंजाडे, वहाळकडे सेक्टर आणि प्लॉट नंबराने ओळखली जाऊ लागली. मासे कुठे लागतात, मीठ कुठे पिकते हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले, पण कुठे लिहिलेले नव्हते. नुकसानभरपाईच्या वेळी ज्यांचे कागदावर होते त्यांना दाद मागणे सोपे गेले. नंबर ही नुसती रुक्ष गोष्ट नसते, ती संरक्षणही देते, हे विमान येण्याच्या कितीतरी आधी या गावांनी आपल्या अनुभवाने शिकून घेतले. आज विमानतळाला दि. बां.चे नाव मिळावे म्हणून जो आग्रह आहे, २०२१ च्या जूनमध्ये ज्यासाठी हजारो लोक रस्त्यावर उभे राहिले, त्यामागे हीच जाणीव आहे की आपला हक्क नोंदलेला असावा.

म्हणून सीटला नंबर आला याचे मला दुःख नाही. चौथ्या आणि एकोणिसाव्या ओळीत फेकल्या गेलेल्या त्या आई-बापांसाठी नंबर ही चांगलीच गोष्ट होती. काउंटरवर गेल्यावर दोघांना शेजारी बसवले जात असे, धावावे लागत नसे. दुःख पुढच्या पावलाचे आहे. जो नंबर संरक्षण म्हणून आला तो थोड्याच वर्षांत विकायचा माल झाला.

२०१३ मध्ये केंद्र सरकारने विमान कंपन्यांना पसंतीच्या सीटसाठी आणि इतर काही सेवांसाठी वेगळे पैसे घेण्याची परवानगी दिली. २०१५ मध्ये त्या यादीत भर पडली. सुरुवातीला पाय पसरायला जास्त जागा असलेल्या मोजक्या ओळी महाग होत्या. मग खिडकी, मग वाट, मग पुढचा अर्धा भाग. नोव्हेंबर २०१८ मध्ये इंडिगोने जाहीर केले की ऑनलाइन चेक-इन करताना कुठलीही सीट घेतली तरी पैसे लागतील, फुकट हवी असेल तर विमानतळावर या. लोक खवळले, मंत्रालयाने तपासणी करू म्हटले. तोपर्यंत सगळ्या कंपन्यांचे तंत्र एकच झाले होते. तिकीट स्वस्त दाखवायचे आणि शेजारी बसण्याचे पैसे नंतर मागायचे. आसनांचा रंगीत नकाशा मोबाइलवर उघडला की हिरवे, पिवळे, जांभळे चौकोन दिसतात आणि प्रत्येकात किंमत लिहिलेली असते. ज्याला हा नकाशा वाचता येतो तो पैसे देऊन किंवा वेळ साधून चांगली जागा मिळवतो. ज्याला येत नाही, त्याला उरलेली मधली सीट मिळते. धावण्याची शर्यत जाऊन पैशाची आणि माहितीची शर्यत आली, आणि दोन्हींत मागे राहणारी माणसे बहुतांशी तीच राहिली.

युरोपातही हेच झाले. इझीजेटने नोव्हेंबर २०१२ मध्ये आणि रायनएअरने फेब्रुवारी २०१४ मध्ये मोकळे बसणे बंद केले. दोघांनी प्रवाशांची गैरसोय हे कारण दिले, आणि ते खरेही होते. सोबत पसंतीच्या सीटचे दरपत्रकही आले.

गंमत अशी की वेळेच्या बाबतीत मोकळे बसणे हरलेले नाही. जेसन स्टेफन या खगोलशास्त्रज्ञाने २००८ मध्ये गणिताने दाखवले की मागच्या ओळींपासून पुढे लोक चढवण्याची रूढ पद्धत अत्यंत संथ आहे. मागचे लोक एकाच ठिकाणी सामान चढवत अडकतात आणि बाकीचे मागे तुंबतात. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या ‘मिथबस्टर्स’ या कार्यक्रमाने खोटे विमान उभारून खरी माणसे चढवून पाहिली. मागून पुढे या पद्धतीला २४ मिनिटांच्या वर लागले. सीट नंबर न देता सोडले तर १४ मिनिटांच्या आसपास. सर्वांत झटपट हीच पद्धत ठरली, आणि प्रवाशांच्या समाधानाचे गुण विचारले तेव्हा सर्वांत कमी गुणही तिलाच मिळाले. डेक्कनच्या चार-पाच वर्षांचे सार त्या एका प्रयोगात आहे. वेळ कंपनीचा वाचतो, धाकधूक प्रवाशाच्या वाट्याला येते.

साउथवेस्ट मात्र शेवटपर्यंत टिकून राहिली. २००६ मध्ये तिने सॅन डिएगोत नंबर देऊन पाहिले आणि तो विचार सोडला. २००७ मध्ये सीटला नव्हे, रांगेतल्या क्रमाला नंबर दिला. ए-१ पासून ए-६०, मग बी, मग सी. त्याआधी लोक दाराशी जमिनीवर बसून तासन्‌तास रांग धरत, ते थांबले. पण २००९ मध्ये दहा डॉलर देऊन रांगेत पुढे जाण्याची सोय निघाली, आणि माझ्या मते तिथेच त्या व्यवस्थेचा जीव गेला. जागा सर्वांना सारखी असली तरी तिथवर पोहोचण्याचा क्रम विकला जाऊ लागला होता. जुलै २०२४ मध्ये, इलियट या गुंतवणूकदार कंपनीचा दबाव वाढला असताना, साउथवेस्टने मोकळे बसणे बंद करण्याची घोषणा केली. ८० टक्के प्रवाशांना ठरलेली सीट हवी आहे, असे तिने सांगितले. २७ जानेवारी २०२६ पासून तिच्या प्रत्येक विमानात प्रत्येक सीटला नंबर आहे, पुढच्या आणि ऐसपैस ओळींना जास्त दर आहे. उलव्याहून पहिले विमान सुटले त्याला तेव्हा महिनाभर झाला होता. ५४ वर्षांची ती पद्धत संपली.

सुटलेल्या धाग्यांपैकी एक भारतातल्या नियामकाने उचलला आहे. एप्रिल २०२४ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने आदेश काढला, की १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच तिकिटावरच्या आई-वडिलांपैकी किंवा पालकांपैकी किमान एकाच्या शेजारची जागा द्यायची आणि त्याची नोंद ठेवायची. लहान मुलांना आई-बापांपासून दूर बसवल्याच्या तक्रारी वाढल्या म्हणून हे करावे लागले. रुमाल टाकून जागा धरण्याच्या काळात जी गोष्ट कुणीतरी उठून करून देई, ती आता लिहून घ्यावी लागते, आणि लिहून घेतली हे बरेच झाले. त्या आदेशात वयाची मर्यादा खालच्या टोकाला आहे, वरच्या टोकाबद्दल त्यात काही नाही. करंजाड्याहून किंवा वहाळहून लेकाकडे बेंगळुरूला निघालेल्या सत्तरीच्या जोडप्याला शेजारी बसायचे असेल, तर त्यांनी अजूनही त्या रंगीत नकाशावर दोन चौकोन विकत घ्यावेत किंवा काउंटरवरच्या माणसाला विनंती करावी. महासंचालनालयाने याच आदेशात एक ओळ वाढवली तर हे काम होईल.